स्त्रियांच्या सायकलची बैठक

परभणीजवळच्या एका खेड्यांत माझे बंधु राहतात. त्यांची मुलगी नववींत गेली तेव्हां शाळेसाठीं तिला थोरल्या भावाची सायकल मिळाली. शाळा साडेचार किलोमीटरांवर. पहिले पंधरा दिवस मुलगी मोठ्या उत्साहानें गेली. पुढें एक दिवस डोकें दुखूं लागलें, एक दिवस चाकांतली हवा गेली, आणि दिवाळीला मी गेलें तेव्हां सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. शाळेला दोन दिवस जाणें, एक दिवस न जाणें असें चाललें होतें. खोदून विचारल्यावर मुलगी आईच्या कानाशीं कांहीं कुजबुजली आणि वहिनींनीं तें मला सांगितलें. सायकलवर तिला बसवत नव्हतें. ही गोष्ट वडिलांना सांगण्याची सोय नव्हती. मग दुकानदाराला कोण सांगणार?

श्रोतेहो, मुलींची शाळा कां सुटते याचा विचार करतांना आपण गरिबी, घरकाम, लांबचें अंतर हीं कारणें मोजतों. सीट टोंचते हें कारण कोणत्याच कागदावर येत नाहीं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या त्या हें अंतर तोडण्यासाठींच. पण सायकल दारांत येणें आणि मुलगी तिच्यावर रोज बसणें यांच्यामध्यें वीतभर रुंदीची ती सीट असते.

बंधूंना एवढेंच कळलें होतें कीं सीट कठीण लागते. त्यांनीं तालुक्याहून स्पंजाचें जाड आवरण आणून तीवर चढविलें. कोणीहि हेंच केलें असतें. त्यानें दुखणें वाढलें, आणि तें कां वाढलें हें समजलें म्हणजे सीटचें सारें शास्त्र समजलें.

माणूस बसतो तो मांसावर नव्हे, हाडांवर. पाटावर फार वेळ बसलें कीं जीं दोन हाडें टोंचूं लागतात, तीं कटीच्या अस्थींचीं खालचीं टोकें होत. धडाचा भार पेलण्याचें काम त्यांचें. त्या दोहोंच्या मधला भाग मऊ आहे. तेथून रक्तवाहिन्या व मज्जातंतु जातात आणि भार सोसण्याची त्याची घडण नाहीं. सीट रुंदीला पुरेशी असली तर हाडें तिच्यावर टेकतात. ती अरुंद असली तर हाडें दोहों बाजूंस अधांतरीं राहतात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. आग होणें, मुंग्या येणें, बधिरपणा हीं त्याचीं लक्षणें. आतां तीवर चार बोटें स्पंज घाला. हाडें स्पंजांत रुततात, मधला स्पंज फुगून वर येतो, आणि जेथें दाब नको तेथेंच तो पडतो. आमच्या बाजेचें उदाहरण घ्या. सुंभ कांहीं मऊ नसतो; पण तो ताणलेला असतो व अंगाच्या बेतानें झुकतो, म्हणून बाजेवर पाठ सुखावते. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें १८६६ सालीं निघालेल्या ब्रूक्स कंपनीची कातडी सीट याच तत्त्वावर आहे: लोखंडी सांगाड्यावर ताणलेलें जाड कातडें, खालीं गादी नाहीं. आमच्या मृगाच्या पावसांत मात्र तें भिजूं देतां कामा नये.

स्त्रीची कटी प्रसूतीच्या सोयीनें घडलेली असल्यामुळें या दोन हाडांमधील अंतर स्त्रियांत सरासरीनें अधिक असतें. पुरुषाच्या मापाची सीट पुष्कळ जणींना अरुंद पडते ती यामुळें. परंतु सरासरी ही कोणा एकीची नसते. सडपातळ मुलीचें अंतर अधिक भरतें, स्थूल बाईचें कमी; वरून पाहून कांहींच सांगतां येत नाहीं. म्हणून "लेडीज सीट" एवढी चिठ्ठी वाचून पैसे देऊं नयेत. मोजावें.

मोजण्याला खर्च नाहीं. वाण्याकडून खोक्याचा पन्हळीदार पुठ्ठा आणावा. तो ओट्यावर किंवा कठीण पाटावर ठेवून पातळ कपड्यानिशीं त्यावर बसावें, पायांखालीं दोन विटा घेऊन गुडघे किंचित् वर करावे आणि थोडें पुढें वांकून मिनिटभर भार द्यावा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंवर पेन्सिलीनें खूण करून अंतर घ्यावें. बहुतेकांचें तें १० ते १६ सेंटिमीटरांच्या दरम्यान येतें. सीटची मागची रुंदी याहून सुमारें दोन सेंटिमीटर अधिक हवी. आपल्या साध्या सायकलीवर ताठ बसावें लागतें, तेथें तीन-चार अधिक असली तरी चालेल. ताठ बसणारीला खालीं स्प्रिंगाहि हव्यात, कारण खड्ड्याचा हिसका थेट पाठीच्या कण्याला बसतो. आमच्या रस्त्यांविषयीं अधिक बोलत नाहीं. मध्यें खांच असलेली सीट कांहीं जणींना फार मानवते, कांहींना तिच्या कडाच रुततात. ती बसून पाहिल्यावांचून घेऊं नये.

चांगली सीटहि वांकडी बसविली तर व्यर्थ. तिचें नाक वर असलें तर तें पुढून दाबतें. फार खालीं असलें तर बसणारी घसरते आणि मनगटें भरून येतात. गवंड्याचें पाणसळ ठेवून ती सपाट करावी, फार तर नाक किंचित् खालीं. आमच्या मुली पाय जमिनीला टेकावे म्हणून सीट अगदीं खालीं घेतात. तशानें पायडलवर जोर येत नाहीं, गुडघे दुखतात आणि अंगाचा सारा भार सीटवरच पडून राहतो. पायडल अगदीं तळाला असतां टांच त्यावर ठेवावी. पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी उंची बरोबर. हँडल फार खालीं किंवा लांब असेल तर कटी पुढें कलते आणि भार पुन्हां नको तेथें जातो. तें वर घ्यावें.

कपड्यांचीहि गोष्ट आहे. सलवारीच्या शिवणी जेथें मिळतात ती जाड गांठ नेमकी सीटवर येते. तेथें पातळ शिवण किंवा वेगळा तुकडा घालावयास शिंप्याला सांगावें. वैशाखांत आमच्याकडे पारा ४२ अंशांवर जातो. घामेजलेलें कृत्रिम धाग्याचें वस्त्र कातडी सोलून काढतें. रोजच्या शाळेच्या अंतराला सुती वस्त्र बरें, आणि घरीं येतांच तें बदलावें. नव्या सीटवर पहिले आठ-दहा दिवस हाडांपाशीं थोडें दुखतें, तें जातें. बधिरपणा किंवा जखम मात्र अंगावर काढूं नये, डॉक्टरबाईंना दाखवावें.

सायकल-अभियंत्यांना हें सुचण्यास फार काळ लागला. जॉर्जिना टेरी या अमेरिकन बाईंनीं स्त्रियांच्या बांध्याच्या सायकली करणारी कंपनी काढली ती १९८५ सालीं. आमच्या परभणीच्या कृषि विद्यापीठांतील गृहविज्ञान शाखेनेंहि शेतांत राबणाऱ्या बायांचे श्रम हलके करणाऱ्या अवजारांचा अभ्यास केला आहे. अवजार बाईच्या मापाचें असावें हा विचार तेथें आहे. तो सायकलीपर्यंत आला कीं झालें.

भाचीचें माप साडेतेरा सेंटिमीटर आलें. थोरल्या भावाची सीट मागें मोजली तर तेवढीहि नव्हती. मुलीचें झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, माझंहि बघूं या." त्यांचें अंतर लेकीपेक्षां एक सेंटिमीटर कमी निघालें आणि दोघी खूप हंसल्या. दुसऱ्या दिवशीं बंधूंनीं लेकीचा पुठ्ठा पिशवींत घालून दुकानांत नेला. खुणांवर पट्टी ठेवून दुकानदारानें अठरा सेंटिमीटर रुंदीची स्प्रिंगांची सीट काढून दिली. दोघांपैकीं कोणालाहि एक अवघड शब्द बोलावा लागला नाहीं.