घडण आणि पायरी

ज्यांच्या घरीं पंधरा-सोळा वर्षांचें मूल व संगणक हीं दोन्ही आहेत, त्यांना रात्रीच्या जेवणासाठीं तीन तीन हांका मारण्याचा अनुभव नवा नसेल. आमच्या घरीं तें काम माझ्याकडे आहे. परवां चौथी हांक मारावयास म्हणून नातवाच्या खोलींत गेलों, तो तेथेंच बसलों; शेवटीं आम्हां दोघांना बोलावण्यास सूनबाईंना यावें लागलें.

खेळाचें नांव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जममधील लॅरियन या मंडळीनें तो २०२३ सालीं प्रसिद्ध केला. त्याचे नियम मात्र जुने. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या, कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळावरून ते घेतले आहेत. लढाई सुरू होण्यापूर्वीं आपलें पात्र आपणच घडवावयाचें असतें. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धि, विवेक आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची शक्ति असे सहा गुण. प्रत्येक गुण आठांवर उभा असतो व वाढविण्यासाठीं सत्तावीस अंक हातीं दिलेले असतात. तेरापर्यंत अंकास अंक असा सरळ भाव. चौदाव्यास दोन व पंधराव्यास आणखी दोन मोजावे लागतात. तीन गुण पंधरावर नेले कीं थैली रिकामी, आणि उरलेले तिन्ही आठांवरच! याशिवाय एका गुणांत दोन व दुसऱ्यांत एक एवढी भर मिळते. खरी मेख पुढेंच आहे. फळ वाढतें तें सम अंकावर. सोळा व सतरा यांचें फळ सारखेंच.

नातवानें बुद्धि सतरावर ठेवलेली पाहून मीं विचारलें, "अरे, हा एक अंक वायां नाहीं का गेला?"

"नाहीं आजोबा, चौथ्या पातळीवर एक मिळवतां येतो. तो यांत घातला कीं अठरा."

ज्या मुलास उद्यांचें दप्तर आज भरण्यास सांगावें लागतें, तो इतका पुढचा विचार करतो हें मला प्रथमच कळलें.

अशा खेळांत घडण ही केवळ लढाईपुरती नसते. १९९७ सालच्या 'फॉलआउट' या खेळांत बुद्धि अगदीं कमी ठेवली, तर आपल्या पात्रास धड वाक्यही बोलतां येत नाहीं. 'बाल्डर्स गेट'मध्यें छाप पाडण्याचा गुण मोठा असेल, तर कांहीं शत्रु तलवार न उपसतां वाटेंतून दूर होतात. सामोपचारावर इतकी भिस्त पाहून मला बरें वाटलें. पण तेथेंही वीस बाजूंचा फांसा टाकावा लागतो, आणि एक पडला तर सारें वक्तृत्व फुकट.

आतां काठिण्याच्या पायऱ्या. आरंभीं त्या तीन होत्या. वरच्या पायरीवर शत्रूचें आयुष्य शेंकडा तीस वाढतें. हें मला फारसें रुचलें नाहीं. दहाऐवजीं त्याच जातीचीं तेरा उदाहरणें घातल्यानें पत्रिका लांबते, कठीण होत नाहीं. २०२३ च्या अखेरीस आलेली 'ऑनर' ही पायरी मात्र खरी कठीण. तींत मोठ्या शत्रूंना नवे डाव दिले आहेत आणि खेळ जतन करण्यास एकच जागा; चुकलें म्हणून मागें जाऊन पुन्हां प्रयत्न करण्याची सोय नाहीं.

"तुझी पायरी कोणती?" मीं विचारलें. त्यानें दाराकडे पाहिलें. "सर्वांत सोपी. पण मित्रांना सांगूं नका."

मी कांहीं बोललों नाहीं. पण संस्कृत शिकवण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि सर्वांना एकच कसोटी हा माझा अभिमान होता. माझ्या वर्गांत एक मुलगा अडखळत बोले. त्याच्या वहींतलीं शब्दरूपें निर्दोष असत. तोंडीं परीक्षेंत तो 'राजन्' शब्दाच्या तृतीयेंत अडकला, मुलें हंसलीं, तो मधल्या सुटींत वर्गांत येऊन म्हणाला, "गुरुजी, मी लिहून देऊं?" नियम सर्वांना सारखा, म्हणून मीं नाहीं म्हटलें. पुढील वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें.

नातवानें दुसरा एक खेळ दाखविला, २०२२ चा 'एल्डन रिंग'. त्यांत पायऱ्याच नाहींत. राक्षस सर्वांना एकच. तरी मंत्रविद्येवर घडलेलें पात्र लांबून मारा करतें, आणि मोठी तलवार घेतलेल्यास त्याच राक्षसाच्या पायांशीं जावें लागतें. म्हणजे पायरी एक ठेवली, तरी ती प्रत्येकाच्या पायाला निराळीच उंच लागते. तो मुलगा पंधरा अंकांचा होता. मीं कसोटी घेतली ती नेमकी त्याच्या आठांची.

दुसरे दिवशीं संध्याकाळीं मीं स्वतःचें पात्र घडविलें. बुद्धि पंधरा, विवेक पंधरा, छाप पंधरा, बाकी आठ.

"आजोबा, बळ आठ? तुम्हांला सामानसुद्धां फारसें उचलतां येणार नाहीं," नातू म्हणाला. "आणि काटकपणा आठ म्हणजे दोन घावांत आडवे."

"असूं दे."

"बरें, पायरी कोणती ठेवूं?"

दाराशीं कोणी नाहीं असें पाहून मीं सर्वांत खालची दाखविली, आणि घरांत बोलूं नकोस म्हणून त्याला बजावलें.