नवी मोटारसायकल, नवी दुखणी

दसरा आणि पाडवा हे आपल्याकडे वाहनखरेदीचे मुहूर्त. त्या दिवशी शोरूमसमोर गर्दी उसळते. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा पुडा, देवळापर्यंत पहिली फेरी, सारे यथासांग होते. मुलाने वर्षभर हट्ट धरलेला असतो, वडिलांनी हप्ते बांधून घेतलेले असतात. यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट तऱ्हेचे रुग्ण येऊ लागतात. कुणाची मनगटे दुखतात, कुणाच्या पोटरीवर भाजल्याचा लांबट डाग असतो, कुणाचे गुडघे आणि कोपर खरचटलेले असतात. मोठे अपघात थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात जातात. माझ्याकडे येतात ती ही किरकोळ वाटणारी दुखणी, पण थोडे विचारले की त्यांच्यामागे पुढच्या मोठ्या अपघाताची तयारी दिसते.

गाडी नवी असली की तिचे काहीतरी बदलावे ही ऊर्मी तरुणांना आवरत नाही. सरळ आणि खाली वाकलेले हँडल, जाड टायर, कापलेले मडगार्ड, बोटभर आकाराचे आरसे, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. हौस म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. आमच्या वेळी सायकलच्या चाकात रंगीत मणी आणि हँडलला झिरमिळ्या लावणारी मुले होतीच. प्रश्न आहे तो वेळेचा. हे बदल नेमके कधी केले जातात? तर गाडी हाताखाली यायच्या आधी, पहिल्याच महिन्यात.

या बाबतीत एक जुना पण आजही उपयोगी असा अभ्यास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघात झालेल्या चालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर बसून पाच महिनेही झालेले नव्हते. विशेष म्हणजे, मोटारसायकल चालविण्याचा त्यांचा एकूण अनुभव सरासरी तीन वर्षांच्या जवळपास होता. म्हणजे माणूस जुना, पण गाडी नवी. हात क्लचला कुठे पोहोचतो, ब्रेक किती दाबला की किती लागतो, वळताना गाडी किती झुकते, हे मेंदूला आणि स्नायूंना त्या त्या गाडीपुरते शिकावे लागते. आता पाहा, महिन्याभराच्या सरावानंतर तुम्ही हँडल बदलले, टायर बदलले, की ती गाडी तुमच्या शरीरासाठी पुन्हा नवी झाली. शिकलेले बरेचसे पुसले गेले. नवशिक्याने पहिले पाच-सहा महिने गाडीत दिखाऊ बदल करू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

गेल्या वर्षी एक विशीतला मुलगा आला होता. रोज बावीस किलोमीटर जाऊन-येऊन कारखान्यात काम. "डॉक्टर, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. रात्री मुंग्या येतात," म्हणाला. कुणीतरी त्याला मानेच्या मणक्याचा फोटो काढायला सांगितले होते. मी त्याला विचारले, गाडी कुठे लावलीस? बाहेर जाऊन पाहिली. खाली वाकलेले सरळ हँडल बसविलेले, त्यामुळे अंगाचा सगळा पुढचा भार तळहातांवर येत होता. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यातून एक मज्जातंतू जातो. तासन्‌तास त्यावर दाब आणि इंजिनाची थरथर बसली की ती दोन बोटे बधिर होतात. दुर्लक्ष केले तर पुढे मुठीची ताकदही कमी होते. मी त्याला गोळ्या दिल्या नाहीत. औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले : ‘हँडल कंपनीचे मूळ होते ते लावावे.’ ती चिठ्ठी त्याने मिस्त्रीला नेऊन दाखविली, मिस्त्री पोट धरून हसला म्हणे. पण हँडल बदलले आणि सहा आठवड्यांत मुंग्या थांबल्या.

मग बदल करूच नयेत का? करावेत, पण ते अंगाला बसणारे. शिंप्याकडून कपडे मापाने शिवून घेणारे आपण, गाडी मात्र दुकानात उभी होती तशीच चालवितो. सीटवर बसल्यावर निदान पायांचे चवडे दोन्ही बाजूंना नीट टेकले पाहिजेत, आणि एक पाय तरी पूर्ण टेकला तर उत्तम. बुटक्या मुलाने मित्राकडे आहे म्हणून उंच गाडी घेतली, तर सिग्नलला, चढावर, खड्ड्यापाशी तो पडणारच. सीटचा फोम थोडा कमी करून मिळतो, काही गाड्यांचे मागचे शॉकअप मऊ-कडक करता येतात. क्लच आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर किती वर-खाली असावा हेही ठरविता येते. सरळ बसून हात पुढे केल्यावर मनगट, पंजा आणि बोटे एका रेषेत आली पाहिजेत. मनगट वर मोडावे लागत असेल तर लिव्हर खाली करून घ्यावा. क्लचची तार फार घट्ट असेल तर सैल करून घ्यावी. हे काम मिस्त्री पाच-दहा मिनिटांत करतो. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल, गुडघे टाकीला लागलेले, अशी बैठक असली की पाठ दुखत नाही. हातांवर नव्हे, गुडघ्यांनी गाडी धरायची असते. ही एक गोष्ट कळली तरी निम्मी मनगटदुखी जाते.

आरसे मोठेच असू द्यावेत. बसल्या जागेवरून आरशात स्वतःचे खांदे दिसत असतील तर ते शोभेचे झाले. मागचा रस्ता दिसला पाहिजे. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर किंवा एस.टी. दिसली नाही, तर मान वळवून पाहण्यात क्षणभर पुढचे लक्ष जाते, आणि हर्ट यांच्या अभ्यासात धोका निर्माण झाल्यापासून धडकेपर्यंत बहुतेकांना दोन सेकंदसुद्धा मिळाले नव्हते. ताशी ५० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे २८ मीटर पुढे जाते.

आता सायलेन्सर. आपल्याकडे दुचाकी तयार करतानाच तिच्या आवाजाची मर्यादा इंजिनाच्या आकारानुसार ७५ ते ८० डेसिबल ठेवलेली आहे. आतली जाळी काढलेला सायलेन्सर ही मर्यादा सहज ओलांडतो. सतत ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणे ही कानाच्या सुरक्षिततेची सीमा मानतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्म्याने घटते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. गल्लीतल्या आजोबांना त्रास होतो हे खरेच, पण तो आवाज सर्वांत जास्त काळ ऐकतो तो स्वतः चालक. कानातल्या बारीक पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी फक्त कानात शीळ वाजल्यासारखे होते, घरचे म्हणतात हा हाक मारली तरी ऐकत नाही. शिवाय बाजारातल्या काही सायलेन्सरना बाहेरून उष्णतारोधक पत्रा नसतो. मागे बसणाऱ्या लहान मुलांच्या पोटऱ्या त्यावर भाजतात. भाजले तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत.

त्या मुलाची गोष्ट अजून थोडी राहिली. गाडी पाहताना मला आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या चाकाजवळचे साडीगार्ड काढून टाकलेले होते. "लूक जातो," हे त्याचे कारण. मी विचारले, आईला कुठे नेतोस का? म्हणाला, "दर बुधवारी बाजाराला." आई नऊवारी नेसत नाही, पण साडीच नेसते आणि एका बाजूला बसते. चाकात पदर किंवा ओढणी गुंतली तर काय होते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगतो. कापड क्षणात गुंडाळले जाते. ओढणी गळ्याभोवती असेल तर स्वरयंत्राला आणि मानेच्या मणक्याला इजा होते, नाहीतर माणूस मागे फेकला जातो आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटते. पाठीमागे पाय लोंबकळत बसलेल्या लहान मुलांची टाच आरीत सापडते, ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, मागे बसणाऱ्यासाठी पकडायला आधार आणि पाय ठेवायला जागा सक्तीची केली आहे. हे ऐकून मुलगा गप्प बसला. हँडलबरोबर ते गार्डही परत बसले.

त्याने या सगळ्या सजावटीवर जवळपास नऊ हजार रुपये घातले होते. गाडीबरोबर मिळालेले हेल्मेट मात्र घरी खुंटीला होते, कारण ते "डोक्याला घट्ट होतं". २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घालता गेलेल्यांची नोंद ५०,०२९ आहे, त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असे आढळले आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एवढा गुण देणारे औषध आमच्या कपाटात क्वचितच असते.

हेल्मेट नवे असताना थोडे घट्ट असलेच पाहिजे. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये. पट्टा लावून मागून वर ढकलले तर ते डोक्यावरून निघता कामा नये. आय.एस.आय. खूण पाहून घ्यावे. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेले हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी हेल्मेटे दिसतातच, ती पोलिसाला दाखविण्यापलीकडे उपयोगाची नाहीत. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आतला थर एकदाच मार खाण्यासाठी असतो.

शिकताना घाई नको. बाजार नसलेल्या दिवशी बाजार समितीचे आवार किंवा शाळेचे मोकळे पटांगण यासारखी जागा नाही. पहिले दोन दिवस फक्त अर्धा क्लच सोडून चालण्याच्या वेगाने पुढे जाणे, थांबणे, पुन्हा निघणे. त्यानंतर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरविणे. हळू चालविता आली की जोरात चालविणे अवघड नसते, उलटे मात्र खरे नाही. आपल्याकडे एक समज फार पक्का आहे : पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो. त्यामुळे नवशिका नुसता पायाचा ब्रेक दाबतो, मागचे चाक घसरते आणि गाडी आडवी होते. ब्रेक लावताना अंगाचा व गाडीचा भार पुढे सरकतो, म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढचे चाकच करते. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत, पुढचा झटक्याने न दाबता लिंबू पिळावे तसा वाढवीत न्यावा. वाळूवर, शेणावर, वळणात मात्र जपून. १२५ सी.सी. च्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर ती नसण्याची शक्यता धरून सराव करावा.

पहिला महिनाभर मागे कुणाला बसवू नये आणि रात्री हमरस्त्याला जाऊ नये. कारखान्यांच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. त्या जुन्या चालकालाही दिसत नाहीत. गाडी घेण्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत. अठरा-वीस वर्षांच्या कितीतरी मुलांना लांबचे अंधुक दिसते आणि फळा सुटल्यापासून ते त्यांच्या लक्षातच आलेले नसते. पालकांना एवढेच, की गिअरच्या मोटारसायकलीचा शिकाऊ परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर शिक्षा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला होऊ शकते.

पडल्यावर डोक्याला मार लागला असेल आणि माणूस उठून "काही नाही" म्हणाला, तरी पुढचे चोवीस तास त्याला एकटे सोडू नये. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यांतले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. मानेत दुखत असेल किंवा शुद्ध नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये, काच वर करून श्वास चालू आहे ना ते पाहावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा.

हेल्मेटमुळे केस गळतात का, असे हमखास विचारले जाते. गळत नाहीत. घाम आणि मळ साचून कोंडा वाढतो एवढेच. आतून पातळ सुती रुमाल बांधावा, तो रोज धुवावा, हेल्मेटचे अस्तर निघत असेल तर पंधरवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. ओले केस घेऊन हेल्मेट घालू नये.