शीर्षकटंक, देवनागरी

शीर्षकटंक, देवनागरी : ग्रंथनामे, वृत्तपत्रांचे मथळे, जाहिराती, निमंत्रणपत्रिका व नामफलक यांसाठी मोठ्या आकारात वापरावयाच्या मुद्राक्षरांचा संच. सलग मजकुराचे टंक सामान्यतः १० ते १२ पॉइंटांचे असतात (७२ पॉइंट म्हणजे सुमारे एक इंच). शीर्षकटंक साधारणपणे १८ पॉइंटांपासून पुढे वापरतात. मजकुराच्या टंकाने वाचकाचे लक्ष स्वतःकडे ओढू नये अशी अपेक्षा असते, तर शीर्षकटंकाने ते वेधून घ्यावयाचे असते. मात्र शब्द अचूक वाचला गेला पाहिजे, हे बंधन दोहोंवर सारखेच असते.

रचना : रोमन लिपीतील डौलदार शीर्षकटंकांचे सौंदर्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : जाड व बारीक रेघांतील विरोध आणि रेघांच्या टोकांशी असणारी लहान आडवी रेघ, म्हणजे सेरीफ. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोदोनी व फ्रान्समध्ये दिदो यांनी हा विरोध पराकोटीला नेला. देवनागरीत सेरीफ नाही. शब्दातील अक्षरे एका ओळीत बांधून ठेवण्याचे काम शिरोरेखा करते. देवनागरीतील जाड-बारीक भेद बोरूच्या तिरप्या छाटातून आला असून हा छाट रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे रोमन टंकाची जाडी देवनागरीवर जशीच्या तशी बसविल्यास अक्षर परके दिसते.

धातूचे टंक : मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक टंक घडविले. पुढे जावजी दादाजी (१८३९–९२) यांच्या निर्णयसागरने राणोजी रावजी आरू यांच्या कौशल्याच्या बळावर मराठी अक्षराला जे वळण दिले, तेच दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पोलादी पंच कोरणे, त्याचा तांब्यात ठसा उमटवून मातृका करणे व तीत शिसे, अँटिमनी आणि कथिल यांची मिश्रधातू ओतून खिळा काढणे, असा हा क्रम होता. मोठ्या खिळ्यांच्या जुळणीत दोन अडचणी येत. शेजारच्या खिळ्यांच्या शिरोरेखा तंतोतंत न मिळाल्यास मध्ये फट दिसे. आणि अतिबारीक रेघा दाबाने झिजत वा तुटत. म्हणून जाड-बारीक भेदाला धातूत मर्यादा घालावी लागे. फार मोठ्या अक्षरांसाठी लाकडी खिळे, तर वृत्तपत्राच्या नावासाठी हाताने रेखून केलेला जस्ताचा ठसा वापरीत. देवनागरी टंकांचा विस्तृत अभ्यास बापूराव नाईक यांच्या टायपोग्राफी ऑफ देवनागरी (१९७१) या ग्रंथात आढळतो.

मराठीची कसोटी : टंक मराठीला कितपत योग्य आहे, हे वऱ्हाडातील तीन नावांवरून पारखता येते. ‘अमरावती’ या शब्दात अ, म, काना, व, त व दुसरी वेलांटी यांचे सहा उभे दंड येतात. दंड फार जाड व जवळजवळ असल्यास शब्द कुंपणाच्या मेढींसारखा दिसतो. अक्षरांच्या पोटातील व मधील पांढरी जागा म्हणूनच काळ्या रेघांइतकी महत्त्वाची ठरते. ‘अकोला’ या नावात ल आहे. मराठीत पाकळीयुक्त ल रूढ असून महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये तो व देठयुक्त श हीच रूपे प्रमाण ठरविली. हिंदीसाठी घडविलेल्या अनेक टंकांत मात्र दंडयुक्त ल असतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ऱ्ह ही सर्वांत कठीण कसोटी होय. येथे अर्धा र रफार म्हणून डोक्यावर न जाता ह च्या डावीकडे आडवा येतो. ही सोय टंकात नसल्यास ‘वर्हाड’ असे चुकीचे रूप उमटते. हा भेद केवळ शोभेचा नाही. दऱ्या म्हणजे खोरी, तर दर्या म्हणजे समुद्र. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या फलकावर ही चूक झाली, तर डोंगराळ मेळघाटात समुद्र अवतरतो! एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून निघालेल्या वऱ्हाड समाचार या पत्राच्या तर नावातच हे जोडाक्षर होते.

संगणकीय टंक : संगणकावर शिरोरेखा अखंड राहते व बारीक रेघ तुटत नाही, त्यामुळे धातूची बंधने संपली. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला रोझा वन हा देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींतील, अतितीव्र जाड-बारीक भेदाचा शीर्षकटंक त्याचे उदाहरण होय. एक टाइप या संस्थेचा गुबगुबीत मोदक आणि रेल्वेच्या रंगविलेल्या फलकांवरून स्फुरलेला यात्रा वन हे निराळ्या घाटाचे शीर्षकटंक आहेत. काही टंकांत ल व श यांची मराठी रूपे अंतर्भूत असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली तरच ती उमटतात.

वापर : शीर्षकटंक थोड्या शब्दांसाठीच योग्य असतो. लहान आकारात त्याच्या बारीक रेघा लोपतात, आणि वृत्तपत्री कागदावर शाई पसरून अक्षरांची पोटे भरतात. रोमन पद्धतीप्रमाणे अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेखा तुटते व शब्द विस्कटतो. दुरून वाचावयाच्या फलकासाठी मध्यम भेदाचा टंक अधिक सोयीचा असतो. टंक निवडताना केवळ नमुन्याच्या वर्णमालेवर विसंबू नये. जो शब्द छापावयाचा, तोच त्या टंकात प्रत्यक्ष जुळवून पाहणे इष्ट ठरते. कारण मराठीची वैशिष्ट्यपूर्ण जोडाक्षरे सुट्या वर्णांच्या यादीत दिसत नाहीत.