पैसा आधी कुठे घालावा?

अमेरिकेत शेवरोलेच्या जुन्या शर्यती गाड्यांसाठी कारागीर एक जोड हमखास करतात : 350 घनइंची व्ही-8 ब्लॉकमध्ये 400 चा क्रँक. सिलिंडर 4 इंचांवरून 30 थाऊ वाढवायचे, स्ट्रोक 3.48 चा 3.75 इंच होतो आणि इंजिन 383 घनइंची बनते. क्रँकचे मेन जर्नल मात्र 2.65 वरून 2.45 इंचांवर ग्राइंड करावे लागतात. ती मजुरी गिऱ्हाइकाला आधीच सांगावी.

त्याहूनही आधी ब्लॉकला चीर आहे का, भिंत किती जाड आहे, हे तपासावे. बोअरिंगनंतर चीर सापडली तर मजुरी गेली आणि ब्लॉकही भंगारात! पिस्टन हातात आल्यावर, ते मोजूनच होनिंग करावे. गाडी रोजच्या रस्त्यावरही फिरणार असेल, तर कॅम बेताचाच बरा; फार मोठा कॅम कमी फेऱ्यांवर इंजिनाचा जोर घालवतो.