पन्नास शब्दांची परीक्षा

साउंडप्रूफ खोलीत एक खुर्ची, समोर एक मीटरवर स्पीकर. खुर्चीतल्या माणसाच्या एका कानामागे कॉक्लिअर इम्प्लांटचं मशीन, दुसऱ्या कानात बोळा. स्पीकरमधून 'रेडी' असा इशारा येतो आणि पाठोपाठ एक आखूड इंग्रजी शब्द. जे ऐकू आलं ते म्हणायचं. नीट कळलं नसेल तर अंदाजाने ठोकून द्यायचं. आवाज ६० डेसिबल, म्हणजे साध्या गप्पांइतका. काचेपलीकडची ऑडिओलॉजिस्ट बरोबर-चूक काही सांगत नाही, नुसतं लिहून घेते. असे ५० शब्द झाले की यादी संपते.

अमेरिकेतल्या इम्प्लांट केंद्रांत रोज चालणारी ही सीएनसी चाचणी. प्रत्येक शब्दात व्यंजन, स्वर, व्यंजन एवढंच, त्यामुळे गुण दोन तऱ्हांनी देता येतात. 'कॅट'ला कुणी 'कॅप' म्हणालं तर शब्द चुकला, पण तीनपैकी दोन ध्वनी बरोबर आले. ५० शब्दांचे १५० ध्वनी होतात, आणि कुठला ध्वनी कशाच्या जागी ऐकू आला हे त्या कागदावरून कळतं. या याद्या १९५९ साली इल्झे लेहिस्टे आणि गॉर्डन पीटरसन या अभ्यासकांनी बांधल्या आणि १९६२मध्ये सुधारल्या.

अशा परीक्षांचं मूळ मात्र दवाखान्यात नाही, टेलिफोन कंपनीत आहे. तारेतून आलेलं बोलणं किती समजतं, हे मोजण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले इंजिनिअर माणसं बसवून त्यांना निरर्थक अक्षरं ऐकवत. निरर्थक अशासाठी, की अर्थ असला की माणूस न ऐकलेलंही भरून काढतो. बेल लॅबच्या हार्वी फ्लेचर आणि जॉन स्टाइनबर्ग यांनी १९२९मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या प्रयोगशाळेने लष्करी संदेशयंत्रणा तपासायला शब्दांच्या याद्या केल्या. युद्धानंतर त्याच याद्या ऐकू कमी येणाऱ्यांसमोर आल्या. तोवर कान चांगला धरून तार तपासली जायची. आता यंत्र चांगलं धरून कान तपासला जाऊ लागला. इम्प्लांट आलं तेव्हा यंत्र आणि कान यांतलं काहीच गृहीत धरता येईना.

कारण इथे तार थेट कानाच्या आत गेलेली असते. निरोगी कानात ऐकण्याचं मुख्य काम सुमारे ३,५०० केसपेशी करतात. त्यांच्या जागी शंखाकृती नलिकेत सरकवलेले १२ ते २२ इलेक्ट्रोड श्रवणाच्या मज्जातंतूला विजेचे ठोके देतात. एवढ्यावर बोलणं कळेल, यावर अनेक जाणकारांचा विश्वास नव्हता.

१९७७मध्ये पिट्सबर्गच्या रॉबर्ट बिल्जर यांनी अमेरिकी सरकारी संस्थेसाठी एकच वाहिनी असलेल्या इम्प्लांटचे १३ रुग्ण तपासले. ओठवाचनाला मदत होते, आवाजाची जाणीव होते. पण नुसत्या इम्प्लांटवर बोलणं समजत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७८ रोजी, मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी रॉड सॉन्डर्स यांच्या कानात अनेक वाहिन्यांचं इम्प्लांट बसवलं. अपघातात ऐकणं गमावलेल्या सॉन्डर्सना सुरुवातीच्या चाचण्यांत ओळखीच्या चाली ऐकवल्या. राष्ट्रगीताची चाल लागताच ते उठून उभे राहिले. पण चाल ताल-लयीवरूनही ओळखू येते. खरी कसोटी होती पर्याय न देता, ओठ न दाखवता शब्द ओळखण्याची. चार चित्रांतून एक निवडायचं असेल तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के मिळतात. मोकळ्या यादीत तशी सूट नसते. त्या कसोटीत सॉन्डर्स यांनी काही शब्द बरोबर सांगितले, तेव्हा क्लार्क यांची खात्री पटली.

पुढे यंत्रं इतकी सुधारली की परीक्षाच अपुऱ्या पडल्या. १९९१मध्ये ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी ध्वनी विजेत बदलण्याची नवी रीत मांडली, आणि शांत खोलीतली सोपी वाक्यं अनेकांना जवळजवळ पूर्ण जमू लागली. सगळेच शंभराजवळ पोहोचले, तर कोणाचं मशीन जास्त चांगलं लावलंय हे कसं कळणार? म्हणून ॲरिझोनात 'ॲझबायो' वाक्यं तयार झाली. दोन पुरुष आणि दोन बायका ती रोजच्या बोलण्याच्या वेगाने म्हणतात आणि पुढचा शब्द सहज ओळखता येत नाही. मागे दहा माणसांचा कालवा सोडला की चांगले गुणही झरझर उतरतात, कारण गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला लागणारे बारकावे थोड्याशा इलेक्ट्रोडांतून पोहोचत नाहीत. हॉटेलात, लग्नघरात इम्प्लांटवाले हैराण होतात ते यामुळे.

या गुणांवर पैसाही ठरतो. श्रवणयंत्र लावूनही वाक्यचाचणीत ४० टक्क्यांपर्यंतच गुण असतील तर इम्प्लांटचा खर्च मिळेल, असा अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेचा नियम होता. सप्टेंबर २०२२मध्ये ती मर्यादा ६० टक्के झाली आणि आणखी बरेच लोक पात्र ठरले.

लहान मुलांना यादी कुठून वाचून दाखवणार? त्यांच्यासाठी डॅनियल लिंग यांचे सहा ध्वनी: म, ऊ, आ, ई, श, स. 'म' खालच्या पट्टीतला, 'स' अगदी वरच्या. सकाळी मशीन लावलं की आई तोंडापुढे कागद धरून एकेक ध्वनी काढते. मूल ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाकतं. कालपर्यंत 'स'ला पडणारा ठोकळा आज पडला नाही, तर आधी मशीन तपासायचं.

मराठी मुलाला इंग्रजी याद्या निरुपयोगी. सरकारी योजनेतून मुलांना बसवल्या जाणाऱ्या इम्प्लांटचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते, आणि महाराष्ट्रातल्या मुलांची तपासणी मराठीतूनच व्हायला हवी. 'तार' आणि 'दार' यांतला घोष-अघोष, म्हणजे स्वरतंतू थरथरतात की नाही, हा फरक आवाजाच्या चढउतारातूनही पोहोचतो. 'वात' आणि 'वाट', 'माल' आणि 'माळ' यांत मात्र जीभ कुठे टेकली एवढाच फरक, आणि इम्प्लांटमधून जिभेची जागा ओळखणंच सगळ्यात अवघड. मुलाच्या कागदावर अशाच जोड्या चुकलेल्या दिसल्या, की मॅपिंगच्या, म्हणजे मशीन जुळवण्याच्या, वेळी इलेक्ट्रोडांच्या पातळ्या पुन्हा तपासल्या जातात आणि थेरपीत नेमक्या त्याच जोड्या घेतल्या जातात. पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्ट वेगळी यादी काढते, कारण आधीची मुलाला पाठ झालेली असू शकते.