नागपूरची हवा : ऐकीव आणि मोजलेली

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर फिरली. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा त्या स्वयंचलित केंद्रातला सेन्सर बिघडलेला निघाला. शहराच्या नोंदींमधला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. पण खुलासा बातमीइतका धावला नाही. ‘प्रदूषण वाढले, ओझोनला भोक पडले, म्हणून ऊन असे भाजते,’ हे बोलणे तर त्याआधीपासूनच कानावर पडत होते.

या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. निदान चुकले की औषध चुकते. आणि हे त्या शहरात घडावे, जिथे १९५८ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, हे मला फार खुपते.

‘प्रदूषण आणि हवामान बदल एकच’

कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. आज हवेत तो जेवढा आहे तेवढ्याने श्वासाला त्रास होत नाही, म्हणून हवा गुणवत्ता निर्देशांकात, म्हणजे एक्यूआयमध्ये, तो धरलेलाच नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आता ४२० च्या पुढे गेला आहे. एकदा सुटला की त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके टिकतो, मग तो नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रातून सुटो की चीनमध्ये. धुळीचे आणि धुराचे कण मात्र काही दिवसांचे सोबती. मृगाच्या चार सरी पडल्या की नागपूरची हवा धुऊन निघते ती यामुळेच. त्या सरींनी कार्बन डायऑक्साइड धुतला जात नाही.

त्यातही एक गुंता आहे. काजळी ऊन शोषून हवा तापवते, तर गंधकापासून बनलेले सल्फेटचे कण ऊन परतवून थोडा गारवा आणतात. म्हणजे नुसता धूर स्वच्छ केला म्हणून तापमानवाढ थांबत नाही. फुप्फुस आणि वातावरण या दोघांचेही भले होते ते कोळसा कमी जाळल्याने.

ओझोनचे भोक हा निराळाच विषय. तो थर बऱ्याच उंचीवर आहे, भोक प्रामुख्याने अंटार्क्टिकावर पडत आले, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हळूहळू सावरते आहे. नागपूरकरांनी काळजी करायची ती जमिनीलगतच्या ओझोनची. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. एप्रिल-मे त्याला पोषक. प्रदूषण म्हणजे फक्त हिवाळा, हा समज इथेच मोडतो.

‘तो बघा, कोराडीचा धूर’

वीज केंद्राजवळून जाताना बोट दाखवले जाते ते बहुधा कमरेत बारीक असलेल्या अवाढव्य मनोऱ्यांकडे. ते शीतकरण मनोरे. त्यातून निघणारे पांढरे ढग म्हणजे पाण्याची वाफ. खरी धुराडी शेजारी असतात, उंच आणि सडपातळ, आणि त्यातून बऱ्याचदा डोळ्यांना फारसे काही दिसत नाही.

दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ, हा त्यापुढचा गैरसमज, आणि तो जास्त घातक. धुराड्याच्या आधी ईएसपी नावाची यंत्रणा असते. ती राखेच्या कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर ओढून घेते, आणि नीट चालली तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडवते. सल्फर डायऑक्साइड हा वायू मात्र तिच्यातून सरळ निघून जातो. त्याला अडवायला एफजीडी ही वेगळी यंत्रणा लागते; तिच्यात चुनखडीच्या भुकटीचे पाण्यातले मिश्रण वापरून गंधक बांधले जाते.

‘आपल्या कोळशात गंधक कमीच,’ असे उत्तर मिळते. टक्केवारीपुरते ते खरे आहे. पण अर्धा टक्का गंधक धरले तरी एक टन कोळशामागे १० किलो सल्फर डायऑक्साइड होतो. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, जवळच्या खापरखेडा केंद्राची क्षमता १,३४० मेगावॉट आहे, आणि असे संच रोज हजारो टन कोळसा जाळतात. हा वायू वाऱ्यासोबत जाता जाता सल्फेट बनतो, म्हणजेच पीएम २.५ नावाचे बारीक कण. धुराड्यातून वायू निघतो आणि गावात कण होऊन उतरतो.

गंधकावर मर्यादा घालणारे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन:पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूट दिली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर मात्र बंधन ठेवले. हा १० किलोमीटरचा निकष नागपूरकरांनी डोळ्यांत तेल घालून वाचावा.

आणि राख अडवली म्हणजे ती संपली, असेही नाही. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ती तलावात साचते आणि उन्हाळ्यात सुकून उडते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती शेतांत आणि नाल्यांत शिरली.

‘एक्यूआय शंभराच्या आत, म्हणजे हवा छान’

एक्यूआयचा आकडा मायक्रोग्रॅम सांगत नाही, आणि तो प्रदूषकांची सरासरीही नाही. आठ प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच त्या केंद्राचा आकडा ठरतो. समजा, महालच्या केंद्रावर पीएम २.५ घनमीटरमागे १०५ मायक्रोग्रॅम आहे, पीएम १० दीडशे आणि नायट्रोजन डायऑक्साइड ४०. त्यांचे उपनिर्देशांक येतात अंदाजे २४९, १३४ आणि ५०. सरासरी काढली असती तर हवा ‘मध्यम’ ठरली असती; प्रत्यक्षात एक्यूआय २४९, म्हणजे ‘वाईट’. पद्धत योग्यच आहे, कारण फुप्फुसे सरासरी काढत नाहीत.

पण पायऱ्या कुठे बांधल्या आहेत तेही बघा. पीएम २.५ साठी १०० हा एक्यूआय म्हणजे २४ तासांत ६० मायक्रोग्रॅम, आणि त्याला आपण ‘समाधानकारक’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी १५ ची शिफारस केली आहे. वर्षभराची आपली मर्यादा ४०, त्यांची ५. ‘समाधानकारक’ हा शब्द त्या हवेला शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय हा आकडा २४ तासांचा असतो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे शेकोट्यांचा, कचऱ्याचा, वाहनांचा धूर खालीच अडकतो. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ती हवा ताजी वाटते, कारण ती गार असते. सकाळची ही भर दिवसभराच्या आकड्यात विरून जाते. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर निघालेले बरे.

‘दुपट्टा बांधला की झाले’

नागपुरात स्कूटीवर डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा बांधणे हे उन्हाचे उत्तम औषध आहे. प्रदूषणाचे नव्हे. सुती दुपट्ट्याचे विणकाम उजेडासमोर धरा, धाग्यांमधली भोके दिसतील. डोळ्याला दिसणारे भोक दहाच्या कित्येक पट मायक्रॉनचे असते, केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉनच्या आसपास, आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. सिमेंट रस्त्यांच्या कामांची जाड धूळ दुपट्टा थोडीफार रोखतो. बारीक कणांसाठी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

‘पीयूसी आहे ना’

पीयूसीच्या तपासणीत पेट्रोल गाडी जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणा बघतात. पीएम २.५ मोजले जात नाही. विजेवरच्या गाड्यांचा प्रयोग नागपुरात मे २०१७ मध्येच सुरू झाला. त्यांना ‘शून्य प्रदूषण’ म्हणणे चूक आहे. टायर आणि ब्रेक झिजतात, धूळ उडते, वीजही बहुतांश कोळशाचीच. तरीही मी त्यांच्या बाजूने आहे. लाखो सायलेन्सर सिग्नलवर नाकासमोर सोडतात तो धूर थांबवण्यापेक्षा एका धुराड्यावर यंत्रणा बसवणे सोपे असते.

झाडांबद्दल एवढेच. ती सावली देतात, पानांवर धूळ धरतात, जरूर लावावीत. पण भांडेवाडीच्या कचरा डेपोला आग लागली तर तिला झाडे उत्तर नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर आहे. त्यात २०२५-२६ पर्यंत कणप्रदूषणात ४० टक्के घट साधायची होती, आणि प्रगती मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० वर. त्यामुळे जोर रस्ते झाडणाऱ्या यंत्रांवर आणि पाणी फवारण्यावर पडतो, आणि धुराकडे दुर्लक्ष होते.

म्हणून वाचकांना एक विनंती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर आकडा बघाल, तेव्हा त्याच्या रंगावर थांबू नका. कोणते केंद्र, सिव्हिल लाइन्स, रामनगर, अंबाझरी की महाल, आणि मुख्य प्रदूषक कोणता, ते बघा. पीएम १० असेल तर आसपासचे रस्ता-बांधकाम शोधा, पीएम २.५ असेल तर जाळणे शोधा. मग केंद्र, तारीख, वेळ आणि आकडा घालून महापालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्या.