बिघडलेले मांजर आणि औषधाची गोळी

इ. स. १६९० मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक सुरतेस आला. शिवाजी महाराजांची दुसरी स्वारी होऊन तेव्हा सुमारे वीस वर्षे झाली होती. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने एक गोष्ट मोठ्या नवलाने नमूद केली आहे. शहरालगत बनियांनी गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा म्हाताऱ्या व पंगू जनावरांसाठी एक रुग्णालय चालविले होते. इतकेच नव्हे, तर ढेकूण-पिसवांसाठीही एक निराळी जागा होती, आणि तेथील प्रजेचे पोट भरावे म्हणून एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर तेथे निजवीत!

पांजरापोळीच्या या शहरात जनावराची भूक आणि जखम ओळखणारे डोळे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु जनावराच्या मनाचा क्षोभ तितक्या सहजपणे दिसत नाही. मांजराच्या बाबतीत तर तो दुष्टपणाच समजला जातो.

उधना किंवा लिंबायत या भागांतील एखादे खान्देशी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पुरुष कापडाच्या कारखान्यात जातो, घरी बाई व्यापाऱ्याकडून आणलेल्या साड्यांना टिकल्या-खडे लावते. दोन खोल्यांच्या त्या घरात उंदरांसाठी म्हणून बोका पाळलेला असतो. एके दिवशी तो साड्यांच्या गठ्ठ्याकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी थरथरवतो आणि मुताचा फवारा मारतो. साडी वाया गेली म्हणजे तिची किंमत मजुरीतून कापली जाणार. मार देऊन झाला, कोंडून झाले, तरी प्रकार थांबत नाही; आणि मग पोते निघते. पोत्यात घालून दूरच्या मासळीबाजारापाशी सोडून दिलेली अशी मांजरे सर्वच शहरांत आढळतात. त्यांतील पुष्कळशी मोटारींखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातात.

मांजर डूख धरून असे करते, ही समजूत चुकीची आहे. मांजराचा मूळ पुरुष आफ्रिकेतील रानमांजर. तो एकटा राहणारा व आपल्या टापूची सीमा वासाने आखणारा प्राणी होता. खिडकीबाहेर नवा बोका दिसू लागला, बिऱ्हाड बदलले, घरात तान्हे मूल आले, की पाळलेल्या मांजरालाही आपली सीमा धोक्यात आल्यासारखे वाटते. त्यावर ओरडा किंवा मार म्हणजे भीतीत भर.

उपचाराचे पहिले पाऊल मात्र औषधाच्या गोळीचे नव्हे. उभ्याने फवारा मारणे निराळे आणि बसून भलत्या जागी मुतणे निराळे. दुसऱ्या प्रकारात मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा म्हातारपणची सांधेदुखी असू शकते. बोका वारंवार बसतो, कण्हतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी एका दिवसाचा उशीरही जिवावर बेततो.

रोग नाही असे ठरल्यावर वंध्यीकरणाचा विचार करावा. या शस्त्रक्रियेने दहांपैकी सुमारे नऊ बोक्यांचे फवारे थांबतात. वाळूची पाटी रोज साफ करणे, मांजरे जितकी त्यांहून एक पाटी अधिक ठेवणे, उंच फळीवर निवाऱ्याची जागा देणे, ज्या खिडकीतून परका बोका दिसतो तिला पडदा लावणे, हे उपाय फुकटात होण्यासारखे आहेत. पुष्कळ घरांचे काम येथेच भागते.

जेथे भागत नाही तेथे औषधाची पाळी येते. माणसांच्या नैराश्यावर वापरले जाणारे फ्लुओक्सेटीन मांजरांनाही उपयोगी पडते. मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य पेशींत परत शोषले जाण्यास ते अटकाव करते, आणि हळूहळू चिडखोरपणा व भीती ओसरतात. अमेरिकेतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी वंध्यीकरण झालेल्या, तरीही फवारे मारणाऱ्या मांजरांवर केलेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आठवड्यापासून फरक दिसू लागला आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास खोड जवळजवळ नाहीशी झाली. औषध थांबविल्यावर मात्र काही मांजरे पूर्वपदावर आली. क्लोमिप्रामीन हेही याच कामी वापरतात. ही औषधे झोपेची गुंगी नव्हेत. चार-सहा आठवडे धीर धरावा लागतो, आणि बहुतेक मालक नेमके तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. सुरुवातीस भूक मंदावते, तिकडेही लक्ष हवे. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते.

उत्तरायणातला गच्च्यांवरचा कल्लोळ, दिवाळीचे फटाके किंवा दवाखान्याची वाट, अशा तात्पुरत्या भीतीसाठी पशुवैद्य आधी काही तास गॅबापेंटिन देतात. त्याच कुळातील प्रेगाबालिनला प्रवासाच्या व दवाखान्याच्या भीतीपुरती, खास मांजरांसाठी म्हणून, अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली.

सर्वांत मोठा धोका घरच्या औषधांच्या डब्यात असतो. फ्लुओक्सेटीनची माणसासाठी मिळणारी नेहमीची कॅप्सूल २० मिलिग्रॅमची असते; चार किलो वजनाच्या मांजराला लागतात दोन ते चार मिलिग्रॅम. सबंध कॅप्सूल देणे म्हणजे पाचपट किंवा त्याहून अधिक मात्रा होय. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे, तो उगाच नाही. पॅरासिटॅमॉलची तर गोष्टच सोडावी. मांजराचे यकृत ते निष्प्रभ करू शकत नाही, आणि ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी त्याचा जीव घेण्यास पुरेशी होते. पूर्वी फवाऱ्यांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या डायझेपाममुळे काही मांजरांचे यकृत अचानक निकामी होऊन ती दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा तोंडाने वापर मागे पडला.

दवाखान्यात जाताना एक वही बरोबर न्यावी. फवारा कोठे, किती वाजता, त्या दिवशी घरात काय घडले, याची दोन आठवड्यांची टिपणे असली म्हणजे वैद्याचे निम्मे काम होते. सुरतेपासून जवळच नवसारीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड प्रकरणात तेथील सल्ला घेता येतो. गोळी बोंबलाच्या किंवा सुरमईच्या बारीक तुकड्यात दडवून दिली तर मांजर बहुधा फसते. कडवट चव कळली, तर मात्र ते त्या माशालाही तोंड लावीत नाही.

गुण आल्यावर औषध एकदम तोडू नये. काही महिने खोड दिसली नाही की मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवितात. मधल्या एखाद्या पायरीवर बोका पुन्हा साड्यांच्या गठ्ठ्याकडे वळला, तर वैद्य मागच्या मात्रेवर परत जातात आणि आणखी काही महिने थांबतात.